आमचं बंदर दत्तक गेलं

मंगळवार, २६ नोव्हेंबर २०२४

अकाउंट्सचा पेपर वाईट गेलाय हे मी अजून आईला सांगितलेलं नाही. ताळेबंद जुळता जुळेना. डावीकडचं उजवीकडे टाकून बघितलं, उजवीकडचं डावीकडे. शेवटी दोन्ही बाजूंना एकच आकडा ठोकून दिला. तपासणारे सर डुलकी काढत असतील तरच मी पास होईन.

म्हणून आज एन.एस.एस.च्या मीटिंगला पहिल्या बाकावर जाऊन बसले. नाव गेल्या वर्षीपासूनच आहे, पण जायचं कोण? आता गरज आहे. एन.एस.एस. पूर्ण केलं की दहा मार्क जास्तीचे मिळतात. देशसेवा त्यानंतर.

चुरी सर एन.एस.एस. बघतात. ते म्हणाले की जानेवारीत सात दिवसांचं निवासी शिबिर आहे आणि दत्तक घ्यायला गावच मिळत नाही. भुईगावला मागच्या वर्षी जाऊन झालं. राजोडीत शनिवार-रविवार पाहुण्यांनाच जागा पुरत नाही. सगळे खाली माना घालून बसले. मी हात वर केला. "सर, पाचूबंदर. आमचंच आहे."

कल्पेशने मागे वळून पाहिलं. टी.वाय.ला आहे, युनिटचा विद्यार्थी सेक्रेटरी, विरारहून येतो आणि अख्खं कॉलेज त्याला ओळखतं. माझ्याकडे त्याने आज पहिल्यांदा पाहिलं. म्हणाला, "अरे, तू बंदरची? वाटत नाहीस."

मला इतकं बरं वाटलं. कॅन्टीनमध्ये माझी मैत्रीण खुशी मात्र म्हणाली, "असं मला कोणी बोललं असतं ना, तर समोसा त्याच्या डोक्यावर फोडला असता." खुशीचं नेहमीचंच आहे. तीही विरारचीच, पण कल्पेशचं काही चांगलं झालेलं तिला बघवत नाही.

रविवार, १ डिसेंबर

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर कोळ्यांची जमात बसली. बंदरावरचं काहीही असो, होडी, भांडण, लग्नाचा मांडव, आमची जमात बसते ती किनाऱ्यावरच्या क्रूसासमोर आणि फर्डिनंडकाका बोलले की विषय संपला. ते पप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त आहेत, पण जमातीत बसले की कोणाचेच नसतात.

मी शिबिराचं सांगितलं. काका म्हणाले, "कॉलेजची पोरं येतील, सात दिस रातील नि जातील. आमाला काय गावंल?" सगळे हसले. माझा चेहरा पडला असणार, कारण पप्पा उठले. पप्पा जमातीत कधी तोंड उघडत नाहीत.

"माजी पोरगी सांगते तं चांगलंच असंल," एवढंच म्हणाले आणि बसले.

मंजूर झालं. काकांनी एकच अट घातली. "हॉल वापरा, पानी वापरा. जाल्यांना हात लावायचा नाय."

हे आम्हाला कोणी सांगावं लागत नाही. जाळं पसरलेलं असलं की त्यावरून पाय टाकून कोणी जात नाही, वळसा घालतात. दुसऱ्याच्या जाळ्याला हात लावला तर याच क्रूसासमोर उभं राहून सगळ्यांची माफी मागावी लागते. लेस्लीने एकदा होडीच्या पंख्यात अडकली म्हणून कोणाच्या तरी जाळ्याची दोरी कापली होती. माफी मागून झाली, नुकसान भरून झालं, त्यालाही किती वर्षं झाली. तरी तो 'काप्या' झाला तो झालाच. त्याच्या लग्नपत्रिकेवर तेवढं छापलं नाही इतकंच. परवा त्याच्या मुलीला कोणीतरी 'काप्याची पोर' म्हणताना ऐकलं. ती बालवाडीत आहे.

शुक्रवार, १३ डिसेंबर

सगळी कामं माझ्याकडेच आली आहेत. परवानगीची पत्रं, सर्वेक्षणाचे प्रश्न, वेळापत्रक, कल्पेशचं उद्घाटनाचं भाषण. मी लिहिते, तो सही करतो. तो म्हणतो, "क्लेमी नसती तर युनिट बुडालं असतं." हजेरीच्या ब्लॅकलिस्टमध्ये माझं नाव होतं, ते चुरी सरांनी काढायला लावलं. मार्केटिंगचा प्रोजेक्ट खुशीने दोघींचा मिळून दिला. ती आता टोमणे मारते की निदान विषय तरी पाठ कर.

खरी गोष्ट अशी आहे. राज्यस्तरीय शिबिराला आमच्या कॉलेजातून एकच जण जाणार. कल्पेश म्हणाला, "सरांपुढे तुझंच नाव ठेवणार आहे. तू फक्त बंदरचं नीट होऊ दे." दहा मार्कांसाठी आले होते, आता मला तेच पाहिजे. आमच्या बंदरातून आजपर्यंत असं कोणी कुठे गेलेलं नाही. लेस्ली एकदा भरकटून डहाणूपर्यंत गेला होता, ते सोडून.

शनिवार, २८ डिसेंबर

नाताळ झाला. आज पप्पांनी नवं डोल जाळं क्रूसासमोर पसरलं होतं. नवं म्हणजे अर्धं नवं. जुन्या जाळ्यांतलं धडकं तेवढं काढून नव्याला जोडायचं आणि गाठी मारत बसायचं, हे गेला पावसाळाभर चालू होतं. पाण्यात आहे ते जाळं आता दमलंय, जानेवारी काढेल जेमतेम. मग हे लावायचं.

पावसाळ्यात हिरवा दोरा संपला म्हणून मी निळ्याने हातभर पट्टी विणली होती. ती आहे अजून. पप्पा सगळ्यांना दाखवत होते, "ही आमच्या बीकॉमवालीची. मासली हिशेब इचारूनच आत येल." मला हसू आलं, पण समोरून चुरी सर हॉल बघायला येत होते, म्हणून मी लगेच उठले.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

उद्या उद्घाटन. कल्पेशचं भाषण तिसऱ्यांदा लिहितेय, त्याला सुरुवातीला शेर पाहिजे. पप्पा दारात उभे राहून जाळ्याचं, शेडचं काहीतरी सांगत होते. मी "हो पप्पा, हो" म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "ऐकलंस ना गो?" ऐकलं म्हटलं. एवढ्या गडबडीत त्यांना जाळ्याशिवाय काही सुचत नाही.

शनिवार, ४ जानेवारी

झकास झालं. क्रूसासमोरची जागा लख्ख रिकामी होती, स्टेज अगदी हवं तिथे बसलं. फादर आले, फर्डिनंडकाकांनी नारळ दिला. कल्पेशने भाषणात सांगितलं, "हे गाव शोधायला मला फार फिरावं लागलं." आमच्या बंदराला जणू रस्ताच नव्हता. पण बोलतो छान.

सोमवार, ६ जानेवारी

सर्वेक्षण. एफ.वाय.च्या दोन मुली नेमक्या आमच्याच घरी गेल्या. प्रश्न मीच काढलेले. 'घरात शौचालय आहे का?' आईने त्यांना सरबत दिलं आणि म्हणाली, "हाय ना बाय. जाऊन यायचंय का?" मुली हसत सुटल्या आणि हॉलवर येऊन सगळ्यांना सांगितलं. मीही हसले. माझी आई आहे हे सांगितलं नाही, नंतर कोणीतरी सांगितलंच.

'घरात कोणी व्यसनी आहे का?' या प्रश्नापुढे आईने काय सांगितलं ते फॉर्मवर आहे: 'मुलगी. दिवसभर मोबाइल.'

संध्याकाळी व्यसनमुक्तीचं पथनाट्य. कल्पेश दारुड्या कोळी झाला, लुंगी लावून, डोक्याला लाल रुमाल बांधून. मी त्याची बायको, कारण भाषा मलाच येते. छाती पिटून रडले. लोक हसले. पप्पा कोपऱ्यात उभे होते, ते हसले नाहीत. पप्पांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही, त्यांना कशाला लागायला हवं? ते काही त्यांच्यावर नव्हतं.

बुधवार, ८ जानेवारी

किनारा स्वच्छता. सगळ्यात मोठा कार्यक्रम हाच. कचऱ्याची गाडी वेळेवर आली. प्लास्टिक, बाटल्या, थर्माकोल, देवाचे फोटोसुद्धा. बर्फाच्या शेडमागे बंदरावरची फाटकी जाळी पडलेली असतात, मी लहान असल्यापासून. घरच्या वाडीला कुंपण घालायला कोणी कोणी नेतं, नाहीतर तशीच सडतात. मी मुलांना लांबूनच दाखवलं, ते शेडमागचं सगळं उचला. मला कल्पेशबरोबर व्हिडिओसाठी बॅनर धरायचा होता.

तेवढ्यात खुशी आली. "क्लेमी, एकदा येऊन बघ ना. ताडपत्रीखाली एक मोठं जाळं आहे. वरून जुनं वाटतं, पण दोर नवे आहेत."

मी म्हटलं, "तिथे भंगारच असतं. मी इथे जन्मले. तू विरारची, पापलेट म्हणजेच सरंगा एवढं तरी माहीत आहे का तुला?" सगळे हसले. खुशी गेली. सहा पोरांनी ओढून ते गाडीत चढवलं, कल्पेशने फोटो काढले.

संध्याकाळी सगळे जेवायला बसलो होतो. फर्डिनंडकाका हॉलच्या दारात येऊन ओरडले, "बस्त्यावचं डोल कोनी उचाललं?" पप्पांचं नाव सेबेस्टियन, बंदरावर ते बस्त्याव. चुरी सर ताटावरून उठले. कल्पेश म्हणाला, "काका, आम्ही आमच्या मनाने काहीच उचललं नाही. क्लेमीने दाखवलं. तिचंच गाव आहे."

त्याने खरं तेच सांगितलं. मी त्याला दोष देत नाही. पण सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला आणि हातातला घास हातात राहिला.

मग पप्पा आले. शेडकडून आले असावेत, पायांना ओली वाळू होती. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"फर्डी, वराडतंस कशाला? मीच सांगितलंतं तिला. न्या म्हटलं."

"तू? पावसालाभर बसून कोनाचं..."

"जुनं व्हतं. टिकलं नसतं. मी सांगतंय ना."

काकांनी पप्पांकडे रोखून पाहिलं आणि ते निघून गेले. चुरी सर म्हणाले, "गैरसमज झाला होता, मिटला, जेवा."

हुश्श झालं. म्हणजे परवा दारात उभे राहून पप्पा हेच सांगत होते, शेडमागचं नेऊन टाका म्हणून. मी न ऐकताही बरोबर तेच केलं. विणून झाल्यावर त्यांना पसंत पडलं नसेल. फर्डिनंडकाका उगाच राईचा पर्वत करतात. इतकी घाबरले होते मी.

गुरुवार, ९ जानेवारी

कपडे घ्यायला घरी गेले होते. पप्पा सकाळपासून नव्हते, फर्डिनंडकाकाही नव्हते. संध्याकाळी दोघं रिक्षातून उतरले. पप्पांच्या अंगाला घाण वास येत होता, मासळीचा नाही, कुजक्या कचऱ्याचा. तळहात कापलेला. कुठे गेला होता विचारलं तर म्हणाले, "फर्डीचं काम व्हतं." आईने काही न विचारता पाणी तापायला ठेवलं. मी नाकाला रुमाल लावून कपडे घेतले आणि पळाले. आज गटचर्चा होती, विषय 'ग्रामीण भारतातील स्वच्छता'.

रविवार, १२ जानेवारी

शिबिर संपलं तरी जमातीचं संपत नाही. काका म्हणाले, जाळ्याची गोष्ट आहे, क्रूसासमोर विचारायलाच हवी, माझ्या घरचं असतं तरी विचारली असती. पप्पांनी क्रूसावर हात ठेवला आणि सांगितलं, "माजं जालं मीच टाकलं. कोनाचा दोष नाय." मालकानेच सांगितल्यावर पुढे काय राहतं? मिटलं. मी मोबाइलवर शिबिराच्या अहवालाचा मजकूर दुरुस्त करत होते.

लेस्ली जाता जाता मला म्हणाला, "नशीबवान हायस." कशाबद्दल ते त्यालाच ठाऊक.

रविवार, २ फेब्रुवारी

निकाल लागला. अकाउंट्समध्ये पास! जास्तीच्या दहा मार्कांची गरजच पडली नाही. सर डुलकी काढत होते तर.

पप्पांना सांगायला गेले तर ते फर्डिनंडकाकांच्या होडीतून उतरत होते. गेल्या आठवड्यात पाण्यातलं जुनं जाळं फाटलं, पार धांदोट्या झाल्या. तेव्हापासून ते काकांकडे जातात. मी म्हटलं, आपली होडी? म्हणाले, "रंगवाची हाय." रंग काही आणलेला दिसत नाही. सोबतीला जात असतील, दोघांना एकमेकांशिवाय करमत नाही. त्यातून या वयात पप्पा दुसऱ्याच्या होडीवर टोपल्या उचलताना बरे दिसत नाहीत. त्यांना ते कळायला हवं.

मिस्साला हल्ली ते कम्युनियनची भाकर घ्यायला उठत नाहीत. सगळी रांग पुढे जाते, ते बाकावरच. आई म्हणते, गुडघे दुखतात. होडीत चढताना दुखत नाहीत वाटतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

राज्यस्तरीय शिबिराला कल्पेश जाणार.

नोटीस बोर्डवर वाचलं. आधी वाटलं दुसऱ्या कसली तरी यादी असेल. मग सरांकडे गेले. ते म्हणाले, "निवडीच्या प्रस्तावात काम त्याचंच दिसतंय, क्लेमेंटीन." दिसणारच, प्रस्ताव मीच लिहिला होता. प्रत्येक पानावर 'सेक्रेटरी कल्पेश यांच्या नेतृत्वाखाली'. माझ्या हाताने लिहिलं. वर सर दबक्या आवाजात म्हणाले, "आणि ते जाळ्याचं प्रकरण... तुझ्या नावाने वर काही जायला नको. तुझ्याच भल्यासाठी. तुला बेस्ट व्हॉलंटियर देतोय ना."

कल्पेश कॅन्टीनमध्ये भेटला. म्हणाला, "तुला ट्रॉफी मिळतेय ना? आणखी काय पाहिजे? तसं बघायला गेलं तर मी तुला वाचवलंय." मी म्हटलं, कशातून? तो म्हणाला, "जाऊ दे."

मेल्याचं भाषणसुद्धा माझं होतं. शेरसुद्धा मीच शोधला होता. रडू आलं तेही त्याच्यासमोरच यायला हवं होतं. खुशी पलीकडच्या टेबलावर होती. जानेवारीपासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. उठून आली, पाण्याची बाटली ठेवली आणि परत जाऊन बसली.

शनिवार, ८ मार्च

आज बक्षीस समारंभ होता. सगळं लिहून काढते.

आई-पप्पांना निमंत्रण होतं, 'ग्रामस्थांचे सहकार्य' म्हणून. पप्पांनी नाताळचा पांढरा शर्ट घातला होता. शेवटून दुसऱ्या रांगेत बसले. फर्डिनंडकाकांनाही बोलावलं होतं, ते आले नाहीत.

माझं नाव पुकारलं. ट्रॉफी घेतली, फोटो झाला. मग चुरी सर म्हणाले, थांब, शिबिराचं काम बघू. स्टेजवरच्या पडद्यावर एकेक फोटो यायला लागले. उद्घाटन. सर्वेक्षण. पथनाट्य, त्यात मी छाती पिटतेय. मग मोठ्या अक्षरांत 'आधी' आणि 'नंतर'.

'आधी'मध्ये सहा पोरं जाळं ओढत होती. ताडपत्री सरकून एका बाजूला पडली होती आणि जाळं पडदाभर पसरलं होतं. हिरवं, काळपट हिरवं, आणि मधोमध निळी पट्टी.

मी विणलेली. एका ठिकाणी गाठी चुकल्या होत्या त्यासकट.

हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. कल्पेश माइकवर म्हणत होता, "वर्षानुवर्षं साचलेलं हे भंगार..." मी पप्पांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत टाळ्या वाजवत होते. आई वाजवत नव्हती, मांडीत हात ठेवून बसली होती. मग मी बघतेय हे पप्पांच्या लक्षात आलं. त्यांनी हात आणखी वर केले आणि जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरचं मला काही आठवत नाही. 'नंतर'च्या फोटोत नुसती वाळू होती.

रविवार, ९ मार्च

पप्पा किनाऱ्यावर फर्डिनंडकाकांचं जाळं शिवत बसले होते. मी वळसा घालून पलीकडे जाऊन बसले.

म्हटलं, "पप्पा, ते आपलं होतं."

"फोटू बरा आला तुजा," ते म्हणाले. "ट्रॉफी जड वाटते. पितलेची काय?"

"स्टेजला जागा पाहिजे म्हणून तुम्ही ते शेडमागे नेलं. तेच सांगत होता ना त्या दिवशी दारात?"

ते गाठ मारत राहिले.

"दुसऱ्या दिवशी कचरा डेपोवर शोधायला गेला होतात."

"गावलं नाय. गाडी दाबून टाकते सगलं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "हातभर तुकडा गावला. निला नव्हता."

मला रडू फुटलं. म्हटलं, "मी जमातीत सांगते. क्रूसासमोर माफी मागते. लेस्लीने मागितली, मीपण मागेन. काय म्हणायचं ते म्हणू दे मला."

तेव्हा त्यांनी सुई खाली ठेवली. "काय सांगशील? तू बोललीस की मी खोटा. क्रूसावर हात ठेवून बोललोय मी, क्लेमे. जमातीत मी एकदा बोललो तुज्यासाठी, नि एकदा हे."

"मग तुम्ही फादरकडे जाऊन पापनिवेदन करा ना. उपवासकाळ आहे. मनावर पाप असताना घेता येत नाही, म्हणूनच कम्युनियनला उठत नाही ना तुम्ही?"

"फादर काय म्हनतील? जा, जमातीला खरं सांग. मंग?" त्यांनी पुन्हा सुई उचलली. "काप्याच्या पोरीला बगतेस ना तू?"

मग माझ्यावर ओरडा तरी, असं मी म्हणाले. त्यांना ते जमलं नाही. दोऱ्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "ताठ धर."

मला या माणसाचा इतका राग आलाय. माझं सगळं वाचवलं आणि माफी मागायची सोय तेवढी ठेवली नाही.

सोमवार, १० मार्च

खुशीला सगळं सांगितलं. तिला तरी सांगता येतं, ती जमातीत नाही. वाटलं होतं म्हणेल, मी तेव्हाच सांगितलं होतं. तसं काही म्हणाली नाही. तिने विचारलं, "जाळं पुन्हा विणायला किती दिवस लागतील?" मी म्हटलं, पावसाळाभर, तेही दोरा घ्यायला जमलं तर. "तोपर्यंत?" तोपर्यंत फर्डिनंडकाकांची होडी.

"आणि सरंगा म्हणजे पापलेट हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी तेव्हा मुद्दाम गप्प बसले."

रविवार, १६ मार्च

आज मिस्सानंतर जमातीने माझा सत्कार केला.

कोणाच्या डोक्यात आलं माहीत नाही. बंदरच्या पोरीला कॉलेजात ट्रॉफी मिळाली म्हणून. आदल्या दिवशी कळलं तेव्हा मी पप्पांना म्हटलं, मी आजारी पडते. ते म्हणाले, "लोकांना काय वाटंल?"

क्रूसासमोर उभी केली. लेस्ली जिथे हात जोडून उभा होता, बरोबर तिथेच. तेव्हा मी पाचवीत होते, आईचा पदर धरून पुढून बघत होते. शाल फर्डिनंडकाकांनी घातली. त्यांना सगळं ठाऊक आहे, पप्पांबरोबर कचरा उपसायला तेच होते. त्यांनी शाल खांद्यावर नीट बसवली, माझ्याकडे पाहिलं नाही. कोणीतरी म्हणालं, दोन शब्द बोल. मी पप्पांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, इतकी बारीक की दुसऱ्या कोणाला दिसलीही नसेल.

मी म्हटलं, "सगळ्यांचे आभार."

सगळ्यात जास्त टाळ्या लेस्लीने वाजवल्या. पोरीला खांद्यावर घेऊन दाखवत होता, "बग, अशी शिक."

आईने घरी आल्यावर शाल घडी करून डांबरगोळ्यांसकट कपाटात ठेवली. ट्रॉफी पितळेची नाही. मागचा स्क्रू गंजायला लागलाय.

रविवार, २३ मार्च

मिस्साला पप्पांच्या शेजारी बसले. कम्युनियनची वेळ झाली, आई उठून रांगेत गेली. पप्पा बसून राहिले. मीही उठले नाही. ते वळून म्हणाले, "जा ना गो."

मी म्हटलं, "गुडघे दुखतात."

बाकावरच्या बाकीच्यांना रांगेत जायला वाट हवी होती. आम्ही दोघांनी पाय आत घेतले.